बशीतली सूज

ती. आईस,

सुजलेल्या पायांना आधी नमस्कार, बाकीच्या तुला नंतर.

मी मजेत आहे. खोलीत ऊब आहे, जेवणही वेळेवर होतं. प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवते, त्यांना एक दिवसाआड खाऊ घालते. तू म्हणशील, आईला कधी घातलंस!

काल त्यांना हार्मोनचा थेंब दिला. हा हार्मोन म्हणजे वरून आलेला हुकूम: मीठ वाया जाऊ देऊ नका, आत ओढा. बिचाऱ्या पेशी त्यापायी जास्तीचं इंधन जाळतात, पण ओढत राहतात. मिठामागोमाग पाणी येतं आणि बशीतला पेशींचा थर जागोजागी फुगतो. असे फुगे आले की प्रयोग जमला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोलीवर आले तर ताईचा निरोप: आईचे पाय चपलेत शिरत नाहीत.

सुजेवर टाळ्या वाजवून आलेल्या हातांत धरून तो निरोप कितीदा वाचला, सांगवत नाही.

या महिन्यात येणार होते गं. पण पेशी कुणाच्या गळ्यात घालू? त्यांची सूज मला भिंगातून दिसते, तुझी मात्र ताईने सांगितली तर कळते.

मिठाची बरणी बाबांनी उचलून ठेवली का?

नडगीवर अंगठा दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दाबायला बाबांना सांग. तू दाबलंस तर खड्डा राहिला तरी मला 'नाही' कळवशील.

खरं तर तो अंगठा माझा असायला हवा होता.

तुझी,
धाकटी