तेलावरचे उंदीर

६ जुलै १९६४

आजही सरांनी तिलाच आधी हाक मारली. ‘मिस फर्नांडिस’! आणि मला काय? ‘सुभद्राबाई’! सव्वीस वर्षांची मी — बाई! आग्नेस माझ्याहून एकाच वर्षाने लहान. पदवी एक, पगार एक, धुरीवाड्यावरच्या या पत्र्याच्या प्रयोगशाळेत उंदरांचा वाससुद्धा दोघी सारखाच सोसतो. पण ती मिस!

सरांनी फळ्यावर समजावले. संप्रेरक रक्तातून अंगभर फिरते, पण कामाला लागते ते जिथे त्याला धरून ठेवणारे काही असेल तिथेच. त्याला रिसेप्टर म्हणायचे. अमेरिकेत संप्रेरकावर किरणोत्सारी खूण करून सोडले, तर ते गर्भाशयात ठाण मांडून बसलेले सापडले! आग्नेस म्हणाली, “म्हणजे बाजारभर हिंडायचं आणि ओळखीच्याच ओटीवर टेकायचं.” सर खूश! हेच माझ्या मनात आले होते, अगदी हेच. मी तोंड उघडेपर्यंत बाईसाहेब बोलून मोकळ्या.

९ जुलै

ती खूण करायची पद्धत शिकायला सर एकीला मुंबईला पाठवणार. दोन वर्षे. एकीलाच!

मला जायचेय. देवा, मला जायचेय.

१४ जुलै

मसुऱ्याहून आणलेल्या वेलाच्या मुळाचे काम सरांनी आग्नेसला दिले. सरांचा कयास असा की बीजकोशातले संप्रेरक जिथे बसते, त्याच रिसेप्टरवर जाऊन बसणारे काहीतरी या मुळात आहे. पाहायची रीत साधी. उंदरांच्या लहान माद्या घ्यायच्या. अर्ध्यांना तेलातून मुळाचा अर्क टोचायचा, अर्ध्यांना नुसते तेल. मुळात खरेच काही असेल तर पहिल्यांची गर्भाशये फुगतात. तेलावरच्यांची दोऱ्याएवढीच राहतात.

टोचणार ती. कापणार ती. वजन करणार ती. आणि मी? दाणापाणी आणि पिंजरे धुणे! “तुमचा हात प्राण्यांना मानवतो, सुभद्राबाई.” हात मानवतो म्हणे!

आईपाशी कुरकुर केली, तर म्हणते, “बरा झाला गो! उंदरांची पोटा फाडूक नको तुका.” आईला काही सांगण्यात अर्थ नाही.

२० जुलै

पावसामुळे आगबोटी बंद, म्हणून उंदरांचे खाद्य मुंबईहून गाडीच्या टपावरून येते. या वेळच्या पोत्याला आत बुरशी! सरांना सांगायला गेले, तर ते तिच्याशी इंग्रजीत हसत होते. दारात उभी राहिले. कोणी ‘काय?’ म्हणून विचारले नाही. आले परत.

घरचे कुळीथ भिजत घातले होते, चांगले मोड आले होते. तेच नेऊन सगळ्या पिंजऱ्यांत घातले. आता रोज तेच घालणार. आमच्याकडे बैल दमला, घाल कुळीथ. ताप उतरला, कर कुळथाची पिठी. उंदरांना काय होतेय! मिटक्या मारत खाल्ले मेल्यांनी.

४ ऑगस्ट

फजिती! आग्नेसची फजिती! तेलावरच्या माद्यांचीही गर्भाशये फुगली. सगळ्यांचीच! सर कडाडले, “मिस फर्नांडिस, सुया तरी धुता का?” तिला बाटल्या धुवायला बसवले. विहिरीमागे जाऊन रडली.

मी चहात साखर जास्त घालून प्याले. बरे वाटले. खूप बरे वाटले.

५ ऑगस्ट

सर मला विचारत होते, “मुंबईत राहायची सोय आहे का तुमची?”

७ ऑगस्ट

पिंजरा धुताना जाळीत अडकलेला एक मोड हाताला लागला. कुळीथ! अर्कावरच्यांनी खाल्ले, तेलावरच्यांनीही खाल्ले. माझ्याच हातचे!

आधी घाबरले. मग डोके चालायला लागले. त्या वेलाच्या मुळात असो नसो, कुळथात काहीतरी आहे! संप्रेरकाच्या जागेवर जाऊन बसणारा रेणू — आणि तो आमच्या चुलीवर रोज शिजतोय!

सांगितले तर आग्नेस सुटेल. सुटू दे की नको? नकोच. आधी माझे मी तपासणार.

१० ऑगस्ट

दुपारी आग्नेसने आपला अर्धा पाव पुढे केला. “तू काय खाल्लंस काय गो?” हिच्या चांगुलपणाचा मला संताप येतो. कोणी मागितलाय?

१९ ऑगस्ट

झाले! नवीन माद्या घेतल्या. काहींना मोडाचे कुळीथ, काहींना नव्या पोत्यातले चांगले खाद्य. टोचले कोणालाच काही नाही. कुळीथवाल्या फुगल्या, बाकीच्या दोऱ्याएवढ्या. शोध माझा! उद्या सकाळी सरांना सांगते. निळे पातळ काढून ठेवलेय. मिस फर्नांडिस, बसा आता बाटल्या धुवत!

२० ऑगस्ट

आत गेले तर आग्नेस टेबलासमोर उभी आणि सर हसताहेत.

“ऐकलंत का, सुभद्राबाई? उंदरांना मोडाचे कुळीथ यांनी घातले होते! चूक कबूल करायला आल्यात. अहो, चूक कसली? हा तर शोध आहे!”

मुंबईला तीच जाणार.

चोर! दिवसाढवळ्या चोरी! ओरडणार होते. पण ‘तुम्हाला ठाऊक होते तर इतके दिवस गप्प का बसलात?’ असे सरांनी विचारले असते. काय सांगणार होते मी? तिने मान वर केली नाही. मीही बाहेर आले. पातळाचा बोळा करून कोपऱ्यात फेकलाय.

२१ ऑगस्ट

विहिरीवर तिला गाठलेच. विचारले, “कित्याक केलंस?”

“पिंजऱ्यात मोड मी पयल्याच दिसा बघलंय गो. पण तुझा नाव कशाक सांगू? परवा सरांनी बुरशीचा पोता उघडल्यानी. उंदरांका काय घातलास म्हणान विचारुक लागले. तुझी नोकरी गेली आसती. म्हणान मीयाच घातलंय असा सांगलंय. माका काढून टाकतले असाच वाटला होता. ते खूश होतले ह्या माका काय ठावक?” डोळे पुसून म्हणाली, “जाव काय गो मी? तुका वायट नाय मा वाटणा?”

“जा गो,” म्हटले.

आज पहिल्यांदा तिचा खरा हेवा वाटला.