एका कानाची गाठ

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

माफ कर. दिवाळीपासून एक ओळ नाही. रोज वाटायचं, आज लिहीन. आणि जितके दिवस गेले तितकी तुला उघडायची लाज वाटू लागली. कारण काही मोठं नाही. शाळेच्या परीक्षा, लेकीची, साक्षीची, दहावी, बाबांचे गुडघे.

आज बसले कारण आमच्या मुख्याध्यापकांनी, फादर एक्कांनी, काम दिलंय. ४ मार्चला शाळेला पंच्याहत्तर वर्षं होतात. सेंट कासिमिर बॉईज — जिथे मी भूगोल शिकवते आणि जिथे बाबांनी, म्हणजे देवीदास मेश्राम सरांनी, सारी नोकरी तिसरीच्या वर्गात काढली. चॅपेलसमोरच्या व्हरांड्यात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचे बोर्ड लागणार. वर फोटो, खाली परिचय. परिचय मी लिहायचे. "आप झूठ नहीं लिखेंगी मॅडम, इसलिए आपको दे रहा हूँ." हे कौतुक की ताकीद?

संध्याकाळी बाबांना नावं वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होते, जशी हजेरी चाललीय.

"यज्ञेश्वर चंद्राकर? जज झाला तो. त्याले खोटं बोलताच येत नव्हतं. बोलला की कान लाल!"

"भार्गव ठाकूर. बाकावर कधी बसला नाही पोट्टा. खिडकीतच."

"प्रफुल्ल तिर्की! जशपूरचा. होस्टेलात रडे. डावखुरा होता. आता हार्टचे ऑपरेशन करते म्हणतेत."

मग डोळे उघडून — "तू या सगळ्यायले फोन करशीन नं?"

"करावे लागतील."

"हव."

जे विचारलं नाही ते मला ऐकू आलं. आता मला झोप नाही.

१२ फेब्रुवारी

न्यायमूर्ती चंद्राकरांशी बोलले. निवृत्त झालेत, आवाज मात्र अजून खुर्चीत बसलेला. काय माणूस आहे! त्यांच्या कोर्टात साक्षीदार म्हातारा असला की आधी स्टूल मागवायचे. वकील कुरकुरले तर म्हणायचे, पाय दुखत असले की माणूस लवकर "हो" म्हणतो, मला खरं हवंय. मी भराभर लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, असे लोक आपल्या शाळेतून गेलेत, त्याच फरशीवरून.

शाळेचं विचारलं तर एकच नाव. फादर जोसेफ. पोलंडहून आलेले, शाळेचे पहिले मुख्याध्यापक. "जो कुछ हूँ, फादर का बनाया हूँ."

मी काही सुचवलं नाही. विचारलं फक्त, "आणखी कोणी आठवतं, सर?" ते म्हणाले, "कितने तो थे!"

बाबा फाटकाशी उभे होते. "तिसरीचं काही निघालं?"

"वेळ कमी होता त्यांना."

"हव. मोठा माणूस." आणि टीव्ही लावला. आवाज नेहमीपेक्षा मोठा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी, तरी भार्गव ठाकूर स्वतः शाळेत भेटायला आले. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसचे असतील, चेहरा उन्हाने सोललेला. एवढी शिखरं चढलेला माणूस, पण मला सांगितलं ते न चढलेल्या शिखराबद्दल. माथा दिसत होता. बरोबरचा सामान वाहणारा गडी अचानक आजारी पडला. हे त्याला घेऊन उतरले. पुन्हा त्या शिखराचा योग आला नाही. "ये मत लिखिए मॅडम, शेखी लगेगी. चोटी तो वहीं खड़ी है, कहाँ जाएगी!" मी लिहिणार नाही म्हटलं. इथे लिहिलं. चालेल ना?

पुढचं लिहायला नको वाटतंय.

तेही फादर जोसेफ, फादर जोसेफ करत राहिले. आणि मी — विचारणार नाही असं ठरवलेली मी — म्हणाले, "तिसरीत देवीदास सर होते ना तुम्हाला?"

"हाँ हाँ, बिल्कुल! क्या सर थे! डंडा लेकर घूमते थे, सब थर-थर काँपते थे!"

बाबांनी आयुष्यात छडी हातात धरली नाही.

माणूस वाईट नाही. मी आठवण मागितली, त्याने सौजन्य म्हणून दिली. दोष मागणारीचा. पण घरी येऊन मी काय केलं? बाबांना म्हणाले, "भार्गवनं तुमची आठवण काढली."

"काय म्हणे?"

"क्या सर थे, म्हणाला."

बाबांनी माझ्याकडे जरा पाहिलं. मग हसले. तांदळाचे वाफवलेले फरे वाढले होते, त्यातला एक उचलून माझ्या ताटात टाकला. साक्षीला म्हणाले, "ऐकलं का, तुह्या आजोबाची आठवण निघाली." साक्षी म्हणाली, "वाह नानाजी, फेमस!"

मी खाली मान घालून तो फरा खाल्ला.

१७ फेब्रुवारी

खोटं नाही बोलले. खरं अर्धंच सांगितलं. — हे वाक्य न्यायमूर्तींच्या कोर्टात टिकलं नसतं.

२० फेब्रुवारी

डॉ. तिर्कींचा चेन्नईहून फोन. दोन ऑपरेशनांच्या मध्ये. आवाज इतका हळू की मीच कुजबुजायला लागले. वर्षातून एकदा जशपूरकडे जाऊन गावोगावच्या मुलांची छाती तपासतात, ज्याला गरज त्याला स्वतःबरोबर घेऊन येतात. सुट्टी कधी घेता, विचारलं, तर म्हणाले, "वही तो छुट्टी है."

मग आपणहून म्हणाले — मी शब्दही काढला नव्हता, देवाशपथ — की गावाहून आले तेव्हा पायात कधी बूट घातले नव्हते. शाळेत नाडीचे बूट सक्तीचे. चॅपेलशी काढायचे, प्रार्थना झाली की घालायचे, आणि घंटेच्या आत वर्गात. होस्टेलची मुलं नाड्या सोडवत-बांधत मागे राहायची, मार खायची. "फिर तीसरी में फादर की गाँठ सीखी. आज दिल में टाँके लगाता हूँ, पर उँगलियों ने पहली गाँठ वही सीखी थी."

फादर की गाँठ?

एक नाडी, एकच कान. दुसरं टोक आडवं घेऊन आत खोचायचं. घट्ट बसते, पण एक टोक ओढलं की फटकन सुटते. मला ही गाठ माहीत आहे! लहानपणी बाबांनी माझ्या बुटांना हीच बांधली. मैत्रिणी दोन कानांची फुलं बांधायच्या आणि मला हसायच्या — रीनाचा बूट कानतुट्या!

फोन ठेवला. फादरांची कशी? तिसरी कोण शिकवत होतं?

२५ फेब्रुवारी

शंकर नगरला, बोर्ड करणाऱ्या दुकानात. पडद्यावर फोटो उघडून मालक म्हणाला, "पाँव काट देते हैं मॅडम, चेहरा बड़ा आएगा." आणि न्यायमूर्तींच्या घोट्यावर रेघ ओढली.

रेघेच्या खाली मी पाहिलं. काळे बूट. एक कान!

"थांबा. मोठं करा."

भार्गव ठाकूरचे ते जाडजूड डोंगरी बूट. एक कान! बाकीचेही उघडायला लावले. कोणाचे बूट दिसत नव्हते, कोणी चपला घातलेल्या. पण जिथे नाडी, तिथे एकच कान. साठीचा माणूस, पन्नाशीचा, पंचेचाळिशीचा. कोणी कोणाला ओळखतही नसेल. सगळ्यांचे पाय बाबांच्या वर्गात बसलेले!

डॉ. तिर्कींच्या फोटोत मात्र कान भलत्या बाजूला. घड्याळही उजव्या मनगटावर. साधा स्वेटर, त्यावर उलटसुलट ताडायला एक अक्षर नाही, पण मला कळलं. म्हटलं, हा फोटो आरशातल्यासारखा उलटा पडलाय, पलटून घ्या. "क्या नज़र है मॅडम!" त्याने लगेच पलटला. आता कान सगळ्यांसारखा. मला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

पाय कापायचे नाहीत असं बजावून आले.

२६ फेब्रुवारी

शिवरात्रीची सुट्टी. एका कागदावर लिहून काढलं — "या सर्वांच्या बुटांची गाठ एकच आहे. ती फादर जोसेफ यांची नसून, तिसरीचे शिक्षक देवीदास मेश्राम यांची आहे." वाचलं. छाती भरून आली. मग प्रश्न सुरू झाले. हे बोर्ड कोणाचे? त्यांचे. मी लिहितेय कोण म्हणून — शाळेची शिक्षिका की देवीदासची पोट्टी? बाबांना विचारलंय का? नाही. का नाही? ते नको म्हणतील याची भीती.

म्हणजे विचारायलाच हवं.

१ मार्च, शनिवार

विचारलं. बाबा अंगणात उन्हात पाय पसरून बसले होते. पायात चपला, वाकता येत नाही म्हणून बूट कधीचे माळ्यावर.

"बाबा, ती एका कानाची गाठ तुमची आहे ना? सगळे फादरची म्हणतात. मला नाही खपत."

"फादरचीच हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"अडुसष्ट साली नोकरी लागली. बूट पाहिजेत म्हणे. गोलबाजारातून घेतले. आता नाडीचं काय करतेत हे कोणाले माहीत! गावात पाटलाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्या लागे आमाले. बूट कुठचा? तशाच नाड्या आत कोंबल्या अन् गेलो. फादरनं व्हरांड्यात पाह्यलं. बोलले काही नाही. खाली बसले. माह्यापुढं! तो पांढरा झगा धुळीत. माहा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला."

बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"मले वाटे धरणी फाटावी. म्हटलं, फादर, उठा. कोणी पाहीन. तर म्हणे, एक मैं बाँधता हूँ, दूसरा तुम बाँधो. बस. तेच मीनं पोट्टायले शिकवलं. एक मी, दुसरा तू. अन् हरेकाले सांगितलं, हे फादरची गाठ हाय. मग ते त्यायचं नाव नाही घेतीन तर कोणाचं घेतीन?"

किती दिवस मी त्या माणसांवर मनातून रुसले होते! ते काहीच विसरले नव्हते. जसं शिकवलं तसंच लक्षात ठेवलं होतं.

"अन् तो भार्गव," बाबा म्हणाले, "डंडा घेऊन फिरत होते, असं काही म्हणाला असंन. डंडा पीटीच्या सरचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू सांगून राहिली तेव्हा तुहे कान लाल झाले होते."

मी रडले. ते हसले. मग म्हणाले, "पण फरा चांगला झाला होता."

त्याच दुपारी फादर एक्कांकडे गेले. एक बोर्ड वाढवायचा म्हटलं, माजी विद्यार्थी देवीदास मेश्राम. फादर चष्मा काढून म्हणाले, "वो तो स्टाफ थे! यहाँ क्या सीखा उन्होंने?"

"बूट बांधायला," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "सबसे पहला बोर्ड वही लगेगा."

तिघांनाही परिचयातली दुरुस्ती कळवली, त्यांच्या नावावर काही छापायचं तर त्यांना माहीत हवं — गाठ फादर जोसेफ यांची. तिसरीच्या वर्गात ती शिकवली देवीदास सरांनी. मंजूर आहे का? न्यायमूर्तींचं उत्तर तासाभरात — "स्वीकार. और क्षमा." भार्गव ठाकूरने नुसते हात जोडलेले चित्र पाठवलं. तिर्कींचं उत्तर नाही. ऑपरेशनमध्ये असतील.

बाबांना बोर्डाचं सांगितलं. "मीनं सोताचं काय केलं त्यात?" म्हणाले. कुरबूर नव्हती. खरंच विचारत होते.

२ मार्च, रविवार

तिर्कींचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"मॅडम, एक सुधार कीजिए. मैं लेफ्टी हूँ. फादर की गाँठ मुझसे कभी नहीं बनी. सर ने पूरी छुट्टी मेरे सामने बैठकर, अपने बाएँ हाथ से बार-बार ग़लत करके, उल्टी गाँठ निकाली. बोले, तेरे लिए अलग. मैं जो बाँधता हूँ, वो फादर की नहीं, सर की गाँठ है. सर हैं क्या अभी?"

बाबांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मग डावा हात मांडीवर ठेवून बोटं हलवत बसले — नाडी नव्हती, तरी.

उद्या: दुकान उघडताच तिर्कींचा फोटो होता तसा सुलटा करून घेणे.