काल रात्री घरात कोण झोपलं?

प्रिय सिना,

गावातले एकतीस दरवाजे, चर्चचे बाक आणि आपली होडी मी कुणाकडून न शिकता घडवली. दार न् दार माझ्या ओळखीचं, म्हणूनच यंदा जनगणना कचेरीनं माणसं मोजायचं काम मला दिलं. ऑकलंडात तुला नि दोन्ही पोरांना थंडी बाधत नाही ना?

"काल रात्री घरात कोण झोपलं?" एवढंच विचारायचं.

लेनेआजी म्हणाली, "सात लिही. पोरं परदेशी गेली, म्हातारा अंगणात पुरलाय, म्हणून झोपायला येत नाहीत होय रे, शहाण्या?"

मी सात खोडून एक लिहिला. मग तिनं अंथरलेल्या चटयांना हात लावला. सातही उबदार होत्या.

आज आपल्याकडेही चार चटया घातल्यात.

तुझाच,
तोंगिया

ता. क. पंधरा वर्षांनी गावात कुणीच नसेल, असा कचेरीचा अंदाज आहे. अठ्ठावीस रिकाम्या घरांचे दरवाजे खिळे ठोकून बंद करायला अकराशे वीस डॉलर देत होते. मी नाही म्हटलं.