कोड वाचायला दुसरं माणूस

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

कोडोलीच्या दूध संस्थेतलं आमचं मशीन परत अडकलं! सेक्रेटरी हंबीरराव इतके ओरडले की मी फोन कानापासून लांबच धरला. फॅट दाखवता दाखवता स्क्रीन गार, लोक किटल्या घेऊन ताटकळत. आणि इथं उचगावच्या वर्कशॉपमध्ये तसलंच मशीन दिवसभर दूध तपासतंय, एकदाही अडकत नाही. वैताग!

विश्वजित सर म्हणाले, हे निस्तर, पुढची ऑर्डर आली की तुझ्या जोडीला दुसरा प्रोग्रामर घेतो. नक्की? नक्की म्हणाले. माझ्या जोडीचा तौसीफ नोकरी सोडून बेंगळुरूला गेल्यापासून समोरच्या खुर्चीवर कुरिअरचे खोके ठेवतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज फक्त चहावाल्याशी बोलले. त्यानं विचारलं, एकच का? म्हटलं, एकच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मेमरीचाच घोळ आहे. प्रत्येक नमुन्यासाठी प्रोग्राम थोडी जागा मागून घेतो, काम झालं की परत देतो. कुठंतरी तीच जागा दोनदा परत दिली जातेय — मग सगळंच कोलमडतं.

तौसीफचे आणि माझे नियम ठरलेले होते. जागा एकदाच परत द्यायची. दिली की त्या जागेचा पत्ता ठेवणारा पॉइंटर लगेच नल करायचा, पुसूनच टाकायचा, म्हणजे चुकून परत हात लागला तरी इजा नाही. आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कोड मशीनमध्ये घालायचा नाही. तो माझा कोड बातम्या दिल्यासारखा मोठ्यानं वाचायचा, मी हसून बेजार. हा नियम आता एकटीनं कसा पाळू? आज स्वतःच मोठ्यानं वाचून बघितलं. रिकाम्या खोलीत कसंतरीच वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी कोडोलीला गेले — बरं झालं! एकाचा नमुना मशीनला लावलेला, तेवढ्यात बनाबाई काठी टेकत आल्या. थकलेल्या, हातात एवढीशी किटली. ज्याचा नंबर होता तोच म्हणाला, म्हातारीचं आधी घ्या. हंबीररावांनी 'रद्द' दाबलं. स्क्रीन गार!

वर्कशॉपमध्ये मी 'रद्द' कधी दाबतच नाही. माझ्याकडं कुणाला आधी घ्यायचं?

तिथंच लॅपटॉप उघडला. 'रद्द' दाबल्यावर तौसीफ त्याच्या कोडमध्ये जागा परत देत होता. तपासणी बंद होताना माझ्या कोडमध्ये मीही देत होते. त्यानं त्याचा पॉइंटर नल केलेला, पण त्याच जागेचा माझ्याकडचा पॉइंटर तसाच. मी विसरेन म्हणून त्यानं, तो विसरेल म्हणून मी! आधी हसू आलं, मग चक्क रडू आलं. आता जागा एकाच ठिकाणी परत जाते, पॉइंटरही एकच ठेवला. हंबीररावांना म्हटलं, दाबा 'रद्द', कितीही दाबा. दाबत राहिले. "व्हय की, चालतंय!"

तौसीफला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्याचा नुसता अंगठा आला.

सोमवार, १० नोव्हेंबर

ऑर्डर आली. सरांनी पेढे आणले. वर म्हणाले, "दुसरं माणूस कशाला आता? तू एकटीच बास हाईस की." कौतुकानंच म्हणाले.

मी म्हटलं, "मग आता दोघं शोधा, सर. एक माझ्या खुर्चीसाठी."