मागे जाऊ का?

नेपरव्हिल, ११ फेब्रुवारी २००६

प्रिय उत्तरा,

अनेक आशीर्वाद. शंतनूने तुला सांगितलं ते खरं नाही, म्हणून लिहिते आहे. त्या संध्याकाळी त्याचा फोन मला लागला होता.

इकडे मनोहर आणि मी, आम्ही दोघं बरी आहोत. बर्फ अजून आहे. तुझ्या गुडघ्याला व्यायाम हवा, नुसतं तेल चोळून काही होणार नाही.

कॅनडाचा व्हिसा संपल्यावर तू त्याला नागपूरला बोलावलंस. मी म्हटलं, सीमा ओलांडून इकडे अमेरिकेत ये, पुढचं मी बघते. हे तुला माहीत नव्हतं.

एजंटाने त्याच्याबरोबर एक मुलगी दिली होती, विशीतली, कुठल्या देशाची तेही त्याला ठाऊक नव्हतं. सीमा ओलांडून मैलभर आल्यावर ती बर्फात बसली. पुढे रस्त्यावर न्यायला आलेली गाडी होती, ती थांबणार नव्हती. मागे, सीमेच्या याच बाजूला, एका शेतघराचा दिवा दिसत होता. तिथे गेलं की पोलीस येणार, हे उघड होतं. मोठ्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे आपल्याच घरचं वळण. त्या थंडीत हातमोजा काढून त्याने मला फोन केला.

"मावशी, तिला झोप येतेय. मागे जाऊ का?"

मी आयुष्यभर डॉक्टरकी केली. गारठलेल्या माणसाला झोप येते म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, "गाडी गाठ. ती तुझी कोण?"

मग मी त्याच्यासाठी अंथरूण घातलं.

तो आला नाही. तिला पाठीवर घेऊन दिव्याकडे गेला. ती वाचली, तो पकडला गेला. आता त्याला परत पाठवतील. पुन्हा बरीच वर्षं इकडे येता येणार नाही.

काल तुरुंगात भेटले. काचेपलीकडून म्हणाला, "फोन लागलाच नाही असं आईला सांगितलंय. तू बोलू नकोस, नाहीतर ती पाठवते ते तुझं मेतकूट बंद होईल." आणि हसला.

परतताना मनोहर गाडी चालवत राहिला. एकदाच म्हणाला, "पेशंट असती तर?"

शंतनूला रागावू नकोस. त्याने मोठ्यांचं ऐकलं नाही, तेही पहिल्यांदाच.

तुझी
शैलजाताई

पोचतं केलं: शंतनूला चष्मा. लोकरी मोजे तुरुंगवाल्यांनी घेतले नाहीत, परत आणले. हॉस्पिटलात त्या मुलीला माझा जाड कोट. शंतनूची मावशी म्हटल्यावर तिने माझे हात कपाळाला लावले. मी लावू दिले.