विम्यातली फुकट तपासणी

कंधार, ७ एप्रिल

ती. सिद्धम्मा अक्कांच्या पायांशी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे चंद्रप्पाचे, शरणार्थ.

तुमचे गुडघे काय म्हणतात? उदगीरला ऊन चढलं असेल, दुपारचं बाहेर पडू नका. इकडं सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तर झालं असं. आपल्या सोमेशच्या पुण्याच्या कंपनीनं आईबापाचाही विमा उतरवलाय. त्यात वर्षातून एकदा अख्ख्या अंगाची तपासणी फुकट, पण मार्चअखेरपर्यंत नाही केली तर हक्क गेला. पोरगा महिनाभर फोन करत राहिला. मी म्हटलं, मला काही झालेलं न्हाई. तो म्हणाला, "म्हणूनच तर करायची असते, अप्पा." (काही झालेलं नसताना दवाखान्यात जाणं म्हणजे न बोलावता लग्नाला जाणं. पण तुमची शांता निघाली, म्हणून मीही निघालो.)

सकाळच्या पहिल्या एसटीनं उपाशीपोटी नांदेडला गेलो. चहासुद्धा मना. मागच्या सीटवरच्या बाईनं लोहा गाव यायच्या आधीच मेथीच्या धपाट्यांचं फडकं सोडलं, आणि तपासणीआधीच माझा जीव कासावीस झाला. दवाखान्यात काउंटरवर तनुजा नावाची मुलगी. तिनं नाव नंतर, वय आधी विचारलं. तपासण्या वयावर असतात म्हणे. आमच्या पुढची पंचविशीतली मुलगी रक्त देऊन, वजन करून दहा मिनिटांत बाहेर पोहे खायला मोकळी. चाळिशीच्या माणसाला त्यावर साखर, चरबी आणि हृदयाची ती ईसीजीची पट्टी. अठ्ठावन्नच्या शांताला हाडं, गर्भपिशवी, मॅमोग्राफी (ती काय असते ते तुम्ही बहिणी आपसात बोला). आणि सहासष्टच्या मला? माझा कागद मागच्या बाजूनंही छापलेला होता. अक्का, माणूस जितका जास्त जगला तितका त्याच्यावर संशय जास्त, असा सगळा कारभार.

मला एका फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. चाळीस वर्षं मी दुकानाच्या गादीवर बसून काढली, हे त्या पट्ट्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला धोतराचा सोगा पट्ट्याखाली गेला आणि मी जागच्या जागी पळत असतानाच धोतर एकटं मागं निघालं. आदर्श नावाच्या माणसानं मशीन बंद केलं, म्हणून अब्रू निम्मी तरी राहिली. मग एक्स-रेसाठी तो म्हणाला, गळ्यातली चांदीची डबी काढा. मी म्हटलं, हे इष्टलिंग आहे, आम्हा लिंगायतांच्या अंगावरून उतरत नसतं. अर्धा तास मी त्याला धर्म समजावला, तो मला एक्स-रे समजावत होता. शेवटी शांता आत आली.

"भांडायलात कशाला? मुठीत धरा की. हातबी अंगच हाय. मी तसंच केलं."

मी तसंच केलं.

त्यानंतरचे आठ दिवस विचारू नका. रिपोर्ट येईपर्यंत मी आडवाच होतो. दुकानाची कुठली चावी कुठं लागते, ते सोमेशला फोनवरून दोनदा सांगितलं. शांतानं माझ्यासाठी पेज केली, पाय चेपले, आणि मी तिला माझ्यामागं कसं राहायचं ते शिकवत राहिलो. शेवटी रिपोर्ट आला. साखर काठावर, बाकी ठणठणीत. इतकी लाज मला धोतर गेलं तेव्हाही वाटली नव्हती.

थोरांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा,
चंद्रप्पा

ता.क. : अक्का, रिपोर्ट दोन होते. शांताच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. हाताला लागतसुद्धा नव्हती इतकी लहान, म्हणून डॉक्टर म्हणतात वेळेत सापडली. सोळा तारखेला लातूरला ऑपरेशन आहे. ती मला म्हणाली, "अक्काला कळवू नका, तिचं बीपी वाढंल." म्हणून दुकानात बसून चोरून लिहितोय. तुम्ही या. मला पेज करता येत नाही, पाय चेपता येत नाहीत, आणि तिच्यासमोर बसलो की मलाच रडू येतं.

आणखी ता.क. : डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीनंही मॅमोग्राफी करून घ्यावी, आणि तुमच्या लेकीनं, मंजुश्रीनं, चाळिशीची वाट न बघता डॉक्टरांना विचारावं. लातूरला आलात की तुमची तपासणी तिथंच करू. नाही म्हणू नका. मीही नाहीच म्हणत होतो.

शेवटचं ता.क. : शांता आत्ता दुकानात चहा ठेवून गेली. पत्र मी वहीखाली सरकवलं. दारातून म्हणाली, "अक्काला लिव्हायलात न्हाई का? तिला लिव्हा की, रडायचं ते उदगीरलाच रडून ये. इथं मला तुम्ही एकटेच लई झालात."