घायपाताची पिशवी

कालांबा, १८ जानेवारी २००४

चि. म्विकाली हिला क्यालोमामाचे पोटभर आशीर्वाद.

सोबतचे आंबे खायला नाहीत, तपासायला आहेत. तीन वर्षं झाली, दारच्या झाडाचे आंबे उतरवले की चौथ्या दिवशी देठापाशी काळे पडतात. बाजारातल्या बायका मला विचारतात, म्हाताऱ्या, आज आंबे आणलेस की रस्सा? आपला पोरगा मुथियानी म्हणतो, रोग खोडातच आहे, झाड पाडून कोळसा करू. तुझ्या मामीने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड! मी म्हटलं, आधी बापाला पाड. आता तू काय सांगशील त्यावर कुऱ्हाड थांबली आहे.

पाच आंबे मामीने घायपाताच्या दोरांनी विणलेल्या पिशवीत घातलेत. दोन मावले नाहीत, ते झाडावरून थेट वर्तमानपत्रात गुंडाळले. पिशवी मात्र जपून परत पाठव. मामी गेल्यापासून मी ती धुतलेली नाही. आत तोंड घातलं की अजून तिचा धुराचा नि तेलाचा वास येतो. हसू नकोस.

तुझा,
क्यालोमामा


नैरोबी, ३ फेब्रुवारी

ती. मामांना म्विकालीचा वाकून नमस्कार.

पिशवीतले पाचही आंबे काळे पडले. वर्तमानपत्रातले दोन पिवळेधमक राहिले. एक मी खाल्ला, रागावू नका.

काळ्या डागातला कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खोडातली बुरशी असती तर तिची बीजं मध्ये आडवी रेघ असलेली दिसली असती. इथे काडीवर गोल काळं डोकं, भुकटीने भरलेलं. ही फळाच्या जखमेतून शिरते. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणाल्या, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. म्हणून ती वाढवून किरणांच्या यंत्रात घातली. त्यात प्रत्येक बुरशी आपली चढउतारांची रेघ कागदावर उमटवते. मग पिशवीचे धागे खरवडून त्यातल्या बुरशीचीही रेघ काढली. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

मामा, हे लिहायला मला चार दिवस लागले. झाड निर्दोष आहे. रोग मामीच्या पिशवीत आहे.

मामी अंगठ्याएवढा देठ ठेवून आंबा काढायची. तुम्ही देठ मोडता, तिथेच जखम होते. आणि दर शनिवारी ती पिशवी उकळायची, मला उलटी धरायला लावायची. आता ती उकळायलाच हवी, नाहीतर जाळायला. तशीच परत पाठवतेय. मी धुतली नाही. तो हक्क माझा नाही.

तुमची,
म्विकाली


कालांबा, २९ फेब्रुवारी

चि. म्विकाली हिला अनेक आशीर्वाद.

मुथियानीला रेघांचा कागद दाखवला. म्हणाला, हे तर आपल्या डोंगरांचं चित्र! पण कुऱ्हाड मुकाट्याने भिंतीला टेकवली.

पिशवी चार दिवस खुंटीवर होती. पाचव्या सकाळी तीन दगडांच्या चुलीवर पाणी चढवलं, आणि शेवटचं म्हणून आत तोंड घातलं. खरं सांगू? तिचा वास नव्हताच गं. नासक्या आंब्याचा होता. कधीपासून, कोण जाणे.

उकळली. पाणी काळं झालं, दुसऱ्यांदा तांबूस. उन्हात वाळल्यावर बघतो तर मधोमध जांभळा पट्टा! मामी तो रंगवत बसली होती तेव्हा मी म्हटलं होतं, रंग पुरे, आधी जेवायला वाढ. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. पार विसरलो होतो मी ते.

आता देठ ठेवून आंबे काढतो. आज आठवा दिवस, एकावरही डाग नाही. सहा पाठवतोय, हे खायला.

शनिवारी पिशवी पुन्हा उकळायची आहे. सवड काढून ये. एकट्याला ती उलटी धरता येत नाही.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
क्यालोमामा